कॅसेटमध्ये न मावलेलं कडवं

गारखेड्याच्या घरातलं कपाट आवरताना ती कॅसेट हाती लागली. डबी उघडली तर अत्तराचा वास अजून तसाच. साखरपुड्यानंतर यांनी पाठवलेली. तेव्हा गुलमंडीवरच्या दुकानात गाण्यांची यादी दिली, की कोरी कॅसेट भरून मिळायची.

ती आली त्याच दिवशी मी दार लावून ऐकली. शेवटचं गाणं एका भटक्याचं होतं. 'मी वाटेचा माणूस, मला बांधू नकोस,' असं प्रेयसीला सांगून तो तिच्या दारातून निघतो, आणि तिथंच खट्ट करून कॅसेट संपली. मला वाटलं, हे नकारच कळवतायत. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आईनं लगेच यांच्याकडं माणूस धाडला.

हे सायकल दामटत, घामाघूम होऊन आले. "अहो, शेवटच्या कडव्यात तो परत येतो! कॅसेट पुरली नाय, त्याला मी काय करू?" आणि अंगणात, माझ्या अण्णांसमोर, यांनी ते कडवं गाऊन दाखवलं. इतकं बेसूर, की अण्णा पान चघळायचे थांबले.

मी विचारलं, "आन् तिला कुठं जावं वाटलं तर?"

"गाण्यात तेवढंच हाय," हे खाली बघत म्हणाले.

लग्नानंतर मला दौलताबादच्या शाळेत नोकरी लागली. माझ्या प्रश्नाला यांनी कधी उत्तर दिलं नाही, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण रोज संध्याकाळी मी बसमधून उतरायचे, तेव्हा हे सायकल धरून स्टँडवर उभे असायचे, तेच कडवं गुणगुणत. तसंच बेसूर.