बिनपंख्याचं विमान
ऑइलपेंटचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी पांगाऱ्याच्या लाकडाचं जेट विमान कोरलं होतं. वर्तमानपत्रातल्या चित्राबरहुकूम पंख मागे झुकवले. केनवडच्या बाजारातून बैलांच्या शिंगांसाठी आणलेला निळा रंग पोटाला दिला अन् पाठीला मातकट, म्हणजे खालून आभाळ वाटावं, वरून वावर. गुरुजींनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "याचा पंखा कुठी हाये?" "गुरुजी, जेटले पंखा नसते." "तू मले शिकवून राह्यली काय?" म्हणत त्यांनी टिनाचा पंखा कापून नाकावर खिळ्यानं ठोकला. लाकूड तडकलं. पाहुण्यांनी बोटानं पंखा फिरवला, खूश झाले आणि पहिलं बक्षीस दिलं. पंख्याला! आता म्हातारपणीही डोक्यावरून जेट गेलं की मी अंगणातून ओरडते, "गुरुजी, पंखा कुठी हाये?"