घरपोच नको

ऑनलाइन खरेदी ही चार अनोळखी घरांत जाऊन गप्पा मारण्यासाठीच निघाली आहे, असं मानणारा मनुष्य अख्ख्या कॅनडात एकच असावा, आणि तो नेमका विंडसरमध्ये माझ्या शेजारी राहत होता. मूळचे नागपूरचे हे काका गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. घरात एकटेच. आम्ही बाकीचे लोक मोजे चीनहून आणि चाळणी कुठूनतरी समुद्रापलीकडून मागवून मोकळे होत असू. काका मात्र फोनवर फक्त गावातले विकणारे शोधायचे, आणि वस्तूपुढे 'पिकअप', म्हणजे स्वतः येऊन घेऊन जा, असं दिसलं की लग्नाचं आमंत्रण आल्यासारखे खुलायचे.

बरं, वस्तू घ्यावी आणि परत यावं, तर तेही नाही. मध आणायला गेले की मधमाश्यांचीसुद्धा खुशाली विचारून येत. एकदा बर्फ फार होतं म्हणून गाडी चालवायला मी सोबत गेलो. घ्यायची होती एक लोकरीची टोपी. विणणाऱ्या आजीबाई दारातच पिशवी देऊ लागल्या, तर काका म्हणाले, "कॅन वी सिट?" मग दोनदा चहा झाला, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन साद्यंत ऐकून झालं, आणि टोपी सोफ्यावरच विसरून आम्ही घरी आलो. मी वैतागलो. काका खूश. "बरं झालं बाप्पा! उद्या पुन्हा जाता येते."

"अहो काका, अशीच टोपी बाहेरून मागवली तर निम्म्या किमतीत दारात येते."

"येते ना. पण आणणारा बेल वाजवून पळून जाते! चहा घे म्हणावं तर व्हॅन कोपऱ्यावर."

मग एका हिवाळ्यात काका घरासमोरच्या ड्राइव्हवेवर घसरले आणि खुबा मोडून बसले. दुसऱ्या प्रांतातल्या ब्रॉसार्ड शहरातून मुलगी आली, "बाबा, यू कान्ट लिव्ह अलोन," म्हणाली आणि त्यांना घेऊनच गेली. घर आवरताना कपाटभर मध निघाला. काकांना डायबेटिस आहे, हे मला तेव्हा कळलं.

परवा त्यांचा फोन आला. "सगळं दारात येते इथं. भाजी येते, औषध येते. मी काठी टेकत दारापर्यंत जातो, तर नुसते खोके." मग मुलीला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "तुझ्याकडे काही जुनंपुरानं विकायचं आहे का रे? टाक ना ऑनलाइन. मी येतो घ्यायला."

ब्रॉसार्ड ते विंडसर म्हणजे गाडीने अख्खा दिवस. मी "बघतो" म्हणालो, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाचा फोटो काढला. तसं ते आम्हाला रोज लागतं.