काळ्या गाळाचा खड्डा

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. पण हा गाळ मला शिकलेल्यांच्या आधी कळला, तेवढं लिहून ठेवतो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. अमळनेरपासून चार कोसांवर आमचं गाव. आमच्या विहिरीवर अंघोळी व्हायच्या, भांडी घासली जायची, बैल धुतले जायचे. ते सगळं पाणी एका खड्ड्यात जाई आणि काठावरून खालच्या डबक्यात झिरपे. खड्ड्यात काळा, बुळबुळीत गाळ, दह्यासारखा थरथरणारा. डबक्यात मात्र पाणी नितळ, आणि त्यात मायचे मासे. वडील गेले त्या वर्षी तिने बोरी नदीतून घागरीत घालून आणलेले. सकाळी आधी त्यांना कणकेच्या गोळ्या, मग आम्हाला भाकरी.

मलेरियाचे फवारणीवाले वर्षातून एकदा येत. घरोघर भिंतींवर डीडीटी मारत आणि दिवसाचं काम संपलं की पंप, बादल्या आमच्या विहिरीवर धूत. दुधासारखं पाणी खड्ड्यात उतरे. दोन वर्षं माशांना काही झालं नाही.

तिसऱ्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली. तिला न्यायला पाव्हणे जळगावहून आले. नाकाला उपरणं लावून म्हणाले, "काय मेहुणे, रस आंब्याचा वाढता आणि वास खड्ड्याचा?"

झालं. मी फावडं घेतलं. माय म्हणाली, "राहू दे रे भाऊ, काय करस तो तुले?" मी कसला ऐकतोय! खड्डा तळापर्यंत खरवडला, राखेने घासला, गाळ बांधापलीकडे पुरला. आठवड्याने फवारणीवाले आले, धुऊन गेले.

सकाळी डबक्यावर पांढरी पोटं तरंगत होती. माय हातात कणीक घेऊन बसलेली.

फवारणीवाले अजून गावातच होते. मी त्यांच्या मुकादमाला विहिरीवर ओढत आणलं. "औषध जास्त टाकलंस ना?"

"दादा, औषध तेच, माप तेच. तुमच्याकडे काही बदललं का बघा."

माय म्हणाली, "तुले सांगेल व्हतं ना? हाई बठ्ठं तुनंच काम शे."

त्या दिवसापासून ती मला वाढायची, पण बोलायची नाही.

तिला खोटं पाडायला मी त्याच दिवशी मुकादमाकडून बादलीभर पांढरं पाणी मागून घेतलं. दोन माठांत ओतलं, एकात गावच्या गटारातला गाळ कालवला; आमचा पुरलेला सुकून माती झाला होता. संध्याकाळी पाहिलं तर त्या माठातला गाळ पांढरेपणा घेऊन खाली बसलेला, वर पाणी नितळ. दुसऱ्यात दूधच. पुढे शिकलेल्यांनी सांगितलं, गाळात न दिसणारे जीव असतात, विष त्यांच्या अंगाला चिकटून राहतं. असेल. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

चुकलो असं मात्र म्हणालो नाही. ते मला कधी जमलं नाही. बाजारच्या दिवशी, भर गर्दीतून, गटारातला गाळ पाट्या भरभरून डोक्यावर वाहिला आणि खड्ड्यात ओतला.

पारावरून हाक आली, "काय भाऊ, सोनं सापडलं का?"

"तुमच्याच मोरीतलं आहे, ओळखा!"

डबकंही उपसून टाकलं. पावसाळ्यात बोरीला पाणी आलं तेव्हा मासे आणून सोडले. माय त्यांना कणीक टाकू लागली, माझ्याशी अबोला तसाच.

पुढच्या वर्षी फवारणीवाले धुऊन गेले आणि मी डबक्याच्या काठी जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा बसलो. ऊन वर आलं. मासे फिरत होते. माय आली, पाण्यात वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आते उठ. भाकर खाय."