काकूच्या हातातलं कार्ड काकूचं नव्हतंच

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

विंझरची माझी काकू आज नसरापूरला एटीएमवर गेली. मशीनची बटणं तिला जमत नाहीत. मागं उभा असलेला एक नीटनेटका माणूस म्हणाला, "मावशी, द्या हिकडं, म्या काढून देतो." काकूनं कार्ड दिलं, पिनही सांगितला. त्यानं पैसे काढून दिले, कार्ड परत केलं. एवढी मदत केली म्हणून काकूनं पिशवीतल्या ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा त्याला दिल्या. मेल्यानं त्यासुद्धा घेतल्या!

तासाभरात माझ्या मोबाईलवर मेसेजवर मेसेज. तिच्या खात्याला माझा नंबर आहे. कार्ड बंद करेपर्यंत खातं रिकामं झालं. त्यानं तिचं कार्ड ठेवून घेतलं होतं आणि तसंच दिसणारं दुसरंच तिला दिलं होतं.

मी तिला घेऊन बँकेत गेले, तर तिथले साहेब तिच्यावरच खेकसले, "पिन कशाला सांगितला?"

काकू म्हणाली, "आवो, मागच्या बारीला तुमच्याच शिपायानं पिन इचारून पैसं काढून दिलं. तवा चाललं व्हय?"

साहेबांनी तक्रारीचा अर्ज पुढं सरकवला.

मग मी तिच्या हातातलं कार्ड नीट वाचलं. त्यावर नाव होतं सुमन. आमच्या घरात कुणी सुमन नाही. म्हणजे ही बाई काकूच्या आधी फसली.

आता काकूचं कार्ड तो कुणाच्या हातात ठेवणार? तुमच्या आईचं कार्ड आत्ता काढा आणि त्यावरचं नाव वाचा. तिचंच आहे ना?