लाँग वीकएंडपासून उलटं

"उलटं मोज," काका म्हणायचे आणि डाव्या हाताची करंगळी उजव्या हाताच्या चिमटीत धरायचे. करंगळीचं टोक म्हणजे मे महिन्यातला लाँग वीकएंड. त्याच्या आधी इथं कॅनडात, व्हिटबीत, काहीही बाहेर लावायचं नाही, कितीही ऊन पडो. तिथून मागं यायचं, एका पेराला एक आठवडा. चार पेरं मागं दुधी, आठ पेरं मागं टोमॅटो. चारही बोटांची बारा पेरं संपली की मिरची. "शेवटची तारीख सगळ्यांना माहीत असते, पोरी. पहिली शोधायची असते."

मला झाडांमधलं काही कळत नव्हतं. अजूनही फारसं कळत नाही. मी पत्रकं लिहिते. भाडेकरूंच्या बाजूची, घरमालकांच्या विरोधातली, मोठ्या टायपातली. हे पत्रक नाही, पण सवय जात नाही. मध्येच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आमची सहा मजल्यांची जुनी बिल्डिंग. जानेवारीत सगळ्यांच्या दाराखालून एकच नोटीस आली: रिनोव्हेशन करायचं आहे, मे अखेर घरं रिकामी करा. रिनोव्हेशन म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. जुन्या भाडेकरूंना काढायचं, भिंतींना राखाडी रंग लावायचा आणि तीच घरं दुप्पट भाड्यानं द्यायची. मी दुसऱ्या दिवशीच पत्रक छापलं आणि दारं ठोठावायला सुरुवात केली.

तळमजल्यावरच्या शेवटच्या दाराशी पोचेपर्यंत फेब्रुवारी संपत आला. ते उघडलं, तर आतून जांभळा उजेड. दारात सत्तरी ओलांडलेला एक उंच माणूस, स्वेटर, कानटोपी आणि कपाळावर काळा डाग. आतून ओल्या मातीचा वास. मी एक पाऊल मागं सरकले.

"गांजा नाही तो," ते इंग्रजीत म्हणाले. मग माझ्या हातातल्या यादीवरचं माझं आडनाव बघून मराठीत, "मिरची आहे. ये आत. हळू, पायाखाली ट्रे आहेत."

"काका, तुमच्या कपाळाला माती लागलीय."

"माती नाही ती, राख. राखेचा बुधवार आहे आज, चर्चमधून आलो." त्यांनी हाताकडे पाहिलं, तो मातीनं भरलेला होता. "फरक तसा काही फार नाही म्हणा."

मी नागपूरची, ते वसईचे. मला राखेचा बुधवार, म्हणजे त्यांच्या उपवासाच्या दिवसांची सुरुवात, माहीत नव्हता आणि त्यांना भाडेकरूंच्या हक्कांवरची माझी दोन पानं माहीत नव्हती. अशी आमची ओळख झाली.

त्यांच्या घरात माणसाला बसायला जागा नव्हती. दक्षिणेच्या मोठ्या खिडकीपाशी रॅक, वर रोपं वाढवायचे जांभळे दिवे, रॅकवर मशरूमचे रिकामे डबे, दह्याचे डबे, स्ट्रॉबेरीचे झाकणवाले खोके. फ्रिजच्या डोक्यावर उबेसाठी झाकून ठेवलेलं बी. शेजारच्या गावातल्या गाड्यांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं. बायको गेली होती, मुलगा कॅल्गरीत होता. या घरात ते सव्वीस वर्षं राहत होते आणि सव्वीस वर्षं बिल्डिंगच्या मागच्या कुंपणालगत भाजी लावत होते. आधी एकटे, मग त्यांचं बघून आणखी आठदहा घरं.

सगळ्यात जपलेला होता दुधी. त्यांच्या आईच्या वाडीतलं बी. पहिल्या वर्षी इथं एकच दुधी लागला, मुठीएवढा, आणि तो पिकायच्या आत थंडीनं वेल मारला. दुसऱ्या वर्षी दोन लागले. जो लवकर धरेल त्याचंच बी ठेवायचं, असं करत करत त्यांनी त्या दुधीला ऑक्टोबरच्या आत पिकायला शिकवलं होतं. "आता हा वसईत लावला तर गोंधळेल," ते म्हणायचे. "हा इथला झाला. माझ्याआधी झाला."

मी म्हटलं, "काका, मे अखेर बाहेर काढतायत तुम्हाला. पेरताय कशाला?"

त्यांनी बोटं धरली. "दुधी मेमध्ये लावायचा. ऑगस्टात फळ. बी पिकून वाळायला ऑक्टोबर. ऑक्टोबरपासून उलटं मोजलं की दुधी एप्रिलात पेरावा लागतो, मिरची आत्ताच."

"पण ऑक्टोबरात तुम्ही इथं नसाल!"

"ते तू बघ ना, लीडर. ते तुझं खातं." आणि मग, "ही पत्रकं आणखी आहेत का?"

मला असा आनंद झाला! त्या दिवशी पत्रक मागून घेणारा तो एकच माणूस होता. मी पन्नास देऊन आले.

पहिल्या मीटिंगला चार माणसं आली. त्यातला एक वॉशरूम शोधत आला होता. काका आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तणतणत त्यांच्याकडे गेले, तर माझी पत्रकं टेबलावर ओळीनं उभी होती. एका बाटलीभोवती गुंडाळून, बूड दुमडून त्यांनी त्यांच्या कुंड्या केल्या होत्या. त्यांत माती भरायचं काम चालू होतं.

"काका!"

"काय झालं? रोपं हलवायला लागतात. दुधीच्या तर मुळाला धक्का चालत नाही, कागदासकट लावायचा." ते शांतपणे पुढची कुंडी वळत होते. "पण तुझा कागद फार जाड आहे. मुळं बाहेर कशी येणार? पुढच्या वेळी पातळ घे."

"तुम्ही वाचलं तरी का ते?"

"वाचलं. दोनदा. तारीख कुठंय?"

"आहे ना. दुसऱ्या पानावर, शेवटी."

"शेवटी," ते म्हणाले, आणि मी कधी विसरणार नाही अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. "कारखान्यात युनियनची नोटीस वर तारीख, मग जागा, मग कारण, अशी असायची. तीन ओळी. तू आधी जगाचा इतिहास सांगतेस. जेवणाच्या सुट्टीत माणूस किती वाचेल?"

मला राग आला. तो पुढं दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी मी तीन ओळींचं पत्रक केलं, पातळ कागदावर. पहिली ओळ: मीटिंगची तारीख. दुसरी: लाँड्री रूम, संध्याकाळी सात. तिसरी: नोटीस म्हणजे ऑर्डर नाही, वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. काकांनी ती अशी वळली की तारीख बरोबर कुंडीच्या पोटावर आली. एप्रिलमध्ये ट्रे घेऊन आम्ही दोघं दारोदार गेलो. मी रोप द्यायचे, ते नुसते मागं उभं राहायचे. पत्रक लोक कचऱ्यात टाकतात. टोमॅटोचं रोप कोण टाकेल? ते खिडकीत ठेवावं लागतं, रोज पाणी घालावं लागतं, आणि रोज तारीख दिसते. पुढच्या मीटिंगला लाँड्री रूममध्ये उभं राहायला जागा नव्हती. वॉशिंग मशीनवर माणसं बसली होती.

रोज सकाळी ते तळहात रोपांच्या शेंड्यांवरून अलगद फिरवायचे, सगळ्या ट्रेवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी म्हटलं, "लाड चाललेत." तर म्हणाले, "लाड कसले? घरात वारा नाही. हलली नाहीत तर देठ जाड होत नाही. बाहेर काढली की पहिल्याच दिवशी आडवी होतील." मे सुरू झाला की ट्रे मागच्या अंगणात न्यायचे. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन. कानटोपी घालून ते शेजारी खुर्ची टाकून बसायचे. बिल्डिंगचा सुपर, म्हणजे देखभाल बघणारा पंजाबी माणूस, त्यांच्याशी गप्पा मारायचा. मला ते खटकायचं, कारण नोटिसा दाराखालून सरकवणारा हात त्याचाच होता. "त्याला पण मिरचीचं रोप दिलंय," काका म्हणायचे. "नोकरी करतो बिचारा. मशीन कुठं उभी राहणार, कचऱ्याचा मोठा डबा कुठं येणार, सगळं सांगतो."

मी म्हटलं, "आपल्याला काय करायचंय त्याचं?"

ते खुर्चीतून उठले. रोपं आत न्यायची वेळ झाली होती.

आणि मग ते झालं. लाँग वीकएंडच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तर फ्रिजवर मॅग्नेटखाली मालकाच्या ऑफिसचा कागद. वरचा परिच्छेद वाचला: भाडेकरू स्वखुशीनं मे अखेर घर सोडत आहे. खाली त्यांची सही.

सव्वीस वर्षं राहिलेला माणूस. ज्याच्या हातून सगळ्या बिल्डिंगला 'सही करू नका' पोचलं, तो माणूस. मी काय काय बोलले, ते सगळं इथं लिहीत नाही. एक शब्द लिहिते, कारण तो माझ्या नावावर राहिला पाहिजे. मी त्यांना फितूर म्हटलं.

ते दुधीच्या कागदी कुंड्या हातात घेऊन तपासत होते. "मी जाणारच होतो, पोरी," ते म्हणाले. "मुलगा कधीचा बोलावतोय. गुडघे गेले. बर्फ शोव्हल होत नाही." मग म्हणाले, "ऑक्टोबरपर्यंत पाणी घालशील?"

मी दार आपटून गेले. पण लाँग वीकएंडच्या सोमवारी खाली उतरलेच. राग होता म्हणून दुधीनं मरावं, एवढी मी वाईट नाही. ते खड्डा करायचे, मी कुंडी ठेवायचे. माझी तीन ओळींची पत्रकं एकेक करून मातीत गेली. तासभर आम्ही कामापुरतंच बोललो. "खोल." "एवढं?" "दाब आता. अजून." शेवटी त्यांनी एक जुनं पाकीट माझ्या कोटाच्या खिशात घातलं. "अर्धं बी. एकाच ठिकाणी सगळं ठेवू नये." पुढच्या शनिवारी मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. निघताना मी हात हलवला. जवळ गेले नाही.

मे संपला तरी बाकी कुणी घर सोडलं नव्हतं. जूनमध्ये एक ट्रक आला, मागं लोखंडी डबा घेऊन. घरं फोडली की राडारोडा टाकायला. ऑफिसचा मॅनेजर बरोबर होता. ट्रक मागच्या अंगणाकडे वळला आणि सुपर एक कागद घेऊन आडवा आला. पुढच्या बाजूला डबा ठेवता येत नव्हता, ती वाट आगीच्या बंबासाठी मोकळी ठेवावीच लागते. आणि मागच्या बाजूला या कागदामुळं ठेवता येत नव्हता.

मी तो कागद हातात घेतला. तोच, फ्रिजवरचा. दुसरा परिच्छेद: भाडेकरूच्या घर सोडण्याच्या बदल्यात, मागच्या अंगणातल्या लागवडीला ऑक्टोबर अखेरपर्यंत कोणत्याही कारणानं हात लावला जाणार नाही, तिथं कोणतंही सामान, वाहन वा डबा ठेवला जाणार नाही. मॅनेजरची सही. त्याला वाटलं असणार, म्हातारा आहे, भोपळ्यात जीव अडकलाय, देऊन टाकू.

वाचल्याशिवाय सही करू नका, असं मी शंभर दारांवर सांगितलं होतं. आणि मी स्वतः पहिल्या परिच्छेदावर थांबले होते.

कॅल्गरीला फोन लावला. "काका, दुसरा परिच्छेद..."

"आत्ता वाचलास, लीडर?" ते खूप वेळ हसत होते. मग खोकला आला. "मोज आता. ऑक्टोबरनंतर बर्फ. बर्फात काम कोण सुरू करतो? तुला पुढचा वसंत मिळाला. आता तुझं तू बघ."

"मी तुम्हाला जे बोलले..."

"दुधीला पाणी घातलंस का?"

त्या थंडीत भाडेकरूंच्या लवादापुढे आमची सुनावणी झाली. मालकाची कागदपत्रं अर्धवट निघाली, परवानग्या नव्हत्या, नोटिसा रद्द झाल्या. तो पुन्हा प्रयत्न करील, आम्ही पुन्हा लढू. आज तरी सगळी घरं भरलेली आहेत. एक सोडून. काकांचं घर त्यानं कुणाला दिलं नाही, बंद ठेवलंय.

त्यानंतर दर वर्षी फेब्रुवारीत त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, काही नाही. "मोजलंस?" मी बोटं धरून मोजून दाखवायचे. त्यांच्या मुलाच्या काँडोतल्या फ्लॅटची खिडकी उत्तरेला होती. तिथं काही उगवत नाही, हे त्यांनी एकदाच सांगितलं, हवामान सांगावं तसं.

या वर्षी फोन आला नाही. मी केला. मुलानं उचलला. जानेवारीत गेले, झोपेत. तुमचा नंबर सापडला नाही, सॉरी, म्हणाला. मला काय बोलावं कळेना, म्हणून म्हटलं, निदान शेवटची वर्षं तरी तुमच्याकडे यायची त्यांची इच्छा पुरी झाली.

तो म्हणाला, "ही नेव्हर वाँटेड टू कम. सहा वर्षं मी विनवण्या करत होतो. दर वेळी म्हणायचे, माझी खिडकी सोडून येणार नाही. दॅट इयर, मेमध्ये अचानक फोन केला की घ्यायला ये. मी कधी विचारलं नाही का."

हे मी छापून ठेवते आहे. कुणाला तरी माहीत असायला हवं.

फोन ठेवून मी बोटं धरली. बारा पेरं. मिरचीची वेळ दोन दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. माझी खिडकी उत्तरेचीच आहे, गेली दोन वर्षं रोपं शेजाऱ्यांकडे लावत होते. या वेळी मी ट्रे उचलले आणि तळमजल्यावर सुपरच्या दारात गेले. काका गेले, एवढंच सांगितलं. तो आत गेला आणि काकांच्या घराची किल्ली घेऊन आला.

हे कायद्यात बसत नाही. मला माहीत आहे.

घर रिकामं होतं. जमिनीवर रॅकच्या पायांचे चार ठसे, आणि दक्षिणेच्या खिडकीतून भिंतीपर्यंत पडलेलं ऊन. मी गुडघ्यांवर बसून ट्रे उन्हात मांडले, माती भरली, मिरचीचं बी टाकलं. दुधीचं पाकीट फडताळात ठेवलं, त्याला आठ पेरं अवकाश आहे. डोळे पुसले असतील मध्ये, लक्षात नाही.

"मॅडमजी," सुपर दारातून हळूच म्हणाला, "आपके माथे पे मिट्टी लगी है।"

"रहने दो," मी म्हटलं.