हात दाखवा, बद्रीनाथ थांबवा

साठीला टेकलेला बद्रीनाथ एके दिवशी पांढरेशुभ्र बूट घालून गारखेड्याच्या क्रीडा संकुलात पळायला गेला, तेव्हा गल्लीने दोन तर्क लढवले. एक, डॉक्टरने शुगर सांगितली असणार. दोन, सुरेखाने घराबाहेर काढलं असणार. गल्लीचं काय, तिला कुणाच्याही बुटांवरून त्याचा संसार कळतो. पण दोन्ही तर्क चुकले. शुगर होतीच, पण ती जुनी. आणि सुरेखा, म्हणजे त्याची बायको, त्याला घराबाहेर काढायचं रोज म्हणायची, काढत मात्र नव्हती. बद्रीनाथ पळायला लागला तो साहेबरावामुळे.

साहेबराव म्हणजे त्याचा कंडक्टर. बद्रीनाथ एसटीत ड्रायव्हर होता आणि संभाजीनगर ते पैठण या एकाच रस्त्यावर त्याची निम्मीअधिक नोकरी गेली. त्यातली बावीस वर्षं मागच्या दाराशी साहेबराव. ड्रायव्हरने गाडी हाणायची, कंडक्टरने घंटी द्यायची. एक घंटी थांब, दोन घंट्या नीघ. एवढ्या दोन शब्दांवर माणसांचा बावीस वर्षं संसार चालला. लग्नाच्या बायकोबरोबर याहून पुष्कळ जास्त शब्द लागतात आणि तरी चालत नाही.

आता बद्रीनाथचा गुण म्हणा की खोड, ती अशी की रस्त्याच्या कडेला हात दिसला की त्याचा पाय ब्रेकवर. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ ही घोषणा एसटीने काढली तेव्हा बाकीच्या ड्रायव्हरांनी ती वाचली आणि विसरले. बद्रीनाथने ती अंगाला लावून घेतली. कुणी टाटा करो, कुणी आळस देवो, कुणी रस्त्यापलीकडच्या सोयऱ्याला हाक मारो, गाडी थांबलीच. साहेबराव दोन घंट्या मारून मारून थकायचा. “आरं ते मानूस खाजवतंय!” तो मागून ओरडायचा. बद्रीनाथ आरशात बघून म्हणायचा, “इचारून घे. इचारायला काय जातं?”

आणि एकदा गेलं.

साहेबरावाच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. पैठणला गाडी पोचली की स्टँडावर सत्कार, शाल, नारळ, पेढे, पाहुण्यांची दोन भाषणं, असा बेत होता. साहेबरावाने इस्त्रीचा खाकी ड्रेस घातला होता आणि दाढीही न्हाव्याकडून करून घेतली होती. बिडकीन मागे पडल्यावर बद्रीनाथला आरशात एक म्हातारी दिसली, हात हलवणारी. गाडी बरीच पुढे आली होती, म्हणून त्याने मागे घेतली. साहेबराव दोनदा नाही, चारदा घंटी वाजवत होता. मागे घेताना चाक कडेच्या ओल्या मातीत रुतलं. म्हातारी वाळत घातलेल्या डाळीवरचे कावळे हाकलत होती. तिला पैठणला जायचं नव्हतं. तिला कुठेच जायचं नव्हतं.

पॅसेंजरांनी ढकलून गाडी बाहेर काढली. पैठणला पोचेपर्यंत पाहुणे निघून गेले होते. नारळ कुणीतरी देवापुढे फोडून टाकला होता. शाल खुर्चीवर घडी घालून ठेवलेली होती, ती साहेबरावाने स्वतःच उचलली. पेढ्यांच्या डब्यात कागद उरला होता. साहेबराव त्या दिवशी बद्रीनाथला एवढंच म्हणाला, “तुझ्या गाडीचा आन् माझा संबंध संपला. माझ्याशी बोलायचं असंल तर पैठनला पायी ये.”

रागाच्या भरात माणूस असं काहीबाही बोलतो. दुसरा कुणी असता तर दोन दिवस थांबला असता, पाव किलो पेढे घेऊन गेला असता आणि प्रकरण मिटलं असतं. पण बावीस वर्षं हा माणूस जे सांगेल ते ऐकायची बद्रीनाथला सवय. घंटी झाली म्हणजे झाली. दोन महिन्यांनी तो स्वतः निवृत्त झाला आणि घरी बसला, तेव्हा त्याला कळलं की आपल्याला करमत नाही. टीव्ही बघताबघता तो डोळे वर करायचा. तिथे आरसा नसायचा आणि आरशात साहेबरावाची टोपी नसायची. वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं. सुरेखाला तो हे बोलला नाही, पण तिला कळलं. “चालत जा की मग,” ती म्हणाली. “पाय हाईत ना? का ते बी डेपोत जमा केले?”

तो गेला. एकदा नाही, तीनदा गेला. आता पैठण रस्त्यावरच्या प्रत्येक एसटीचा ड्रायव्हर त्याच्या हाताखालून गेलेला. पहिल्या खेपेला चितेगावच्या अलीकडे गाडी थांबली. “काका, बसा!” थांबलेल्या गाडीला नाही म्हणणं बद्रीनाथला जमलं नाही. आपल्यासाठी ब्रेक मारलेल्या ड्रायव्हरचा अपमान कसा करायचा? तो बसला. तिन्ही खेपांना असंच झालं. तिसऱ्यांदा साहेबरावाने दारातूनच त्याच्या पायांकडे पाहिलं. चपलेवर धूळ नव्हती. साहेबरावाने दार लावून घेतलं.

अशा वेळी बद्रीनाथच्या कानावर ती शर्यत आली. शहरातल्या पळणाऱ्या लोकांनी संभाजीनगर ते पैठण अशी पन्नास किलोमीटरची दौड ठरवली होती. छातीवर नंबर, वाटेत तपासणारी माणसं, शेवटी गळ्यात पदक. म्हणजे पायी आल्याचा पक्का पुरावा, आणि कुणी ‘काका, बसा’ म्हणणार नाही. बद्रीनाथने ठरवून टाकलं. पण उठला आणि पन्नास पळाला असं कुणाला करू देत नव्हते. त्याआधी शहरात अर्ध मॅरेथॉन होती, एकवीस किलोमीटरची. ती तीन तासांच्या आत पुरी करेल त्यालाच पैठणच्या दौडीत जागा.

संकुलात करुणा नावाची दातांची डॉक्टर लोकांना पळायला शिकवायची. तिने बद्रीनाथला पहिल्या दिवशी विचारलं, “काका, आधी कधी पळालात?” तो म्हणाला, “पन्नासच्या वर कधी गेलो नाय.” ती चाट पडली. मग उलगडा झाला की तो ताशी वेगाबद्दल बोलत होता.

माणूस दमदार निघाला. वजन उतरलं, श्वास लागेनासा झाला. तरी त्याची वेळ काही केल्या सुधारेना. शेवटी करुणा एक दिवस त्याच्या मागोमाग पळाली आणि तिने डोक्याला हात लावला. दूधवाल्याने हात केला, बद्रीनाथ थांबला. एका बाईने गच्चीवर चादर झटकली, बद्रीनाथ थांबला. एक गृहस्थ हात वर करून सूर्यनमस्कार घालत होते. त्यांच्यापुढे तो, ते खाली वाकून पुन्हा वर येईपर्यंत, उभा राहिला.

“काका, तुम्ही पळताय. गाडी नाही चालवत.”

“व्हय ताई, कळतंय मला. पायाला कळत नाय.”

करुणा हुशार बाई. दात उपटण्याआधी भूल द्यावी लागते हे तिला माहीत. तिने सुरेखाला हाताशी धरलं. अर्ध मॅरेथॉनच्या दिवशी बद्रीनाथने बनियन घातलं तर त्यावर छातीशी नंबर, आणि नंबराखाली सुरेखाने लाल दोऱ्याने शिवलेली कापडी पाटी: ‘विनाथांबा’. बद्रीनाथने ती उलटी वाचली, सुलटी वाचली, बोटाने चाचपली. त्याचा चेहरा ड्यूटीवर निघाल्यासारखा झाला. पाटी म्हणजे पाटी. विनाथांबा गाडीने मधे थांबायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि खरोखर तो थांबला नाही. क्रांती चौकात शाळेची पोरं टाळ्या द्यायला हात पुढे करून रांगेने उभी होती. बद्रीनाथ त्यांच्यासमोरून गेला आणि मनापासून ओशाळून ओरडला, “विनाथांबा हाय! मागची येतीय, मागची रिकामी हाय!” छावणीत एक फौजी सलाम ठोकून उभा होता, त्यालाही तेच सांगितलं. पाण्याच्या टेबलाशी तो घोटभर थांबायचा, ड्रायव्हरच्या चहाइतकी मुभा करुणाने दिलेली होती. नगर नाक्याला वळसा घालून तो परत फिरला तेव्हा बाजूने पळणारी करुणा घड्याळ बघून हसली आणि पुढे निघून गेली. असंच चालू ठेवलं की तीन तासांच्या आत आरामात. पैठण पक्कं होतं. बद्रीनाथ पळतापळता साहेबरावाशी काय बोलायचं याची तयारी करू लागला. पहिलं वाक्य काही सुचेना.

संकुल जवळ आलं. शेवटचं वळण राहिलं. पाय दगड झाले होते, वेग पुष्कळ उतरला होता, पण पाय चालत होते. आणि डाव्या हाताला, दुभाजकाच्या लोखंडी कठड्याशी, एक हात वर झाला.

त्या हाताखाली पांढरी टोपी होती आणि टोपीखाली साहेबराव होता.

तो पैठणहून पहिल्या गाडीने आला होता. डेपोतल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की बद्रीनाथ पळतोय, आणि तीन तासांच्या आत पोचला तर पैठणलाही पळत येणार आहे. त्याचा विश्वास बसला नव्हता. मधूनच रिक्षात बसत असेल, अशा हिशोबाने तो तपासायला आला होता. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी बद्रीनाथला फक्त हात दिसला. छातीवर विनाथांबा होतं. पुढे कमानीवर घड्याळाचे लाल आकडे दिसत होते. तो थांबला तर पैठणची जागा जाणार, आणि पैठणला जायचं होतं ते याच माणसाकडे. एवढा विचार करायला जितका वेळ लागतो तितकाही त्याने घेतला नाही. तो थांबला.

साहेबरावाने डोळे वटारले. आठ महिने बंद असलेलं तोंड उघडलं ते शिवी घालायला. शिवी इथे लिहिण्यासारखी नाही. “थांबला कामून?” तो पुढे म्हणाला.

“तू हात दाखवला.”

“आरं म्होरं जा म्हनून हात केला मी! येळ संपत आली तिकडं! तुला जल्मात हात कळला नाय!”

बद्रीनाथ धापा टाकत कठड्याला धरून उभा राहिला. “साहेबराव,” तो म्हणाला, “तुझा नारळ हुकला. माझ्यामुळं हुकला. लई वाईट वाटतं रे.” आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. घामात ते चटकन लपलं असतं, पण त्याने लपवलं नाही.

साहेबराव कठड्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून घराची किल्ली काढली आणि त्या लोखंडी नळीवर दोनदा मारली. टण टण.

बद्रीनाथचे पाय आपोआप निघाले.

पण व्हायचं ते झालं होतं. तो कमानीखालून गेला तेव्हा घड्याळाने तीन तास ओलांडले होते, थोडेच, पण ओलांडले होते. पदक मिळालं. पैठणची जागा गेली. करुणा धावत आली. “काका, इतके छान येत होतात! कुठे थांबलात?”

“पॅसेंजर होता,” बद्रीनाथ म्हणाला.

मागून साहेबराव सावकाश चालत आला. त्याने पदक हातात घेतलं, तिकीट तपासावं तसं उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. “म्हंजे पैठनला पायी यायचं ऱ्हायलंच,” तो म्हणाला.

“ऱ्हायलं.”

“अट ती अट. पुढल्या साली पळ. आज आपला पाव्हना म्हनून चल, जेवायला. बोलायचं नाय.”

“नाय बोलत.”

सुरेखाला फोन करून दोघे स्टँडावर गेले आणि पैठणच्या गाडीत बसले. बद्रीनाथचे पाय आखडले होते, म्हणून साहेबरावाने त्याला खिडकी दिली. अट पाळत दोघे चितेगावपर्यंत गुडघ्यांवर बोलले, बिडकीनपर्यंत सुनांवर. बिडकीन मागे पडल्यावर साहेबराव एकाएकी खिडकीवर ओणवा झाला. मग उठला, वरची दोरी धरली आणि एक घंटी दिली. गाडी थांबली. तरणा कंडक्टर पुढून ओरडला, “काय झालं काका?”

“मागं कुनीतरी हात दाखवतंय.”

“आवो, ती बाई पदर सावरतेय.”

“आसंल. इचारून घे,” साहेबराव म्हणाला. “इचारायला काय जातं?”

कंडक्टर काही उतरला नाही, म्हणून साहेबराव स्वतः उतरला, मागे चालत गेला आणि विचारून आला. बाई पदरच सावरत होती. साहेबराव पुन्हा गाडीत चढला, बद्रीनाथकडे न बघता दोरी ओढली आणि दोन घंट्या दिल्या.