पाठीवरची बटणं

माझ्या मामांइतका चिडका माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा नसेल, आणि चुकून असलाच तर मामांनी त्याच्याशी भांडून त्याला गाव सोडायला लावलं असेल. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण राग काही निवृत्त झाला नाही. दुधाची पिशवी चुकीच्या कोपऱ्यात कापली की सकाळ बिघडते. बुढापारा भागातल्या त्यांच्या गल्लीत स्कूटरवाले हॉर्न वाजवत घुसतात, म्हणून एकदा ते जुना लाल झेंडा घेऊन थेट गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. एकाने गाडी थांबवून विचारलं, "क्या हुआ अंकल, ट्रेन आ रही है क्या?" मामा गरजले, "अंकल असन तुहा बाप!" तो बिचारा अजून दुसऱ्या गल्लीने जातो.

पण त्यांचा सगळ्यात मोठा राग हिंदीवर, म्हणजे खरं तर नातीवर. ती कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहते, तिचे आईवडील बिलासपूरला असतात. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. "जेवली काय व पोट्टे?" "हाँ दादाजी, खा लिया।" झालं, मामांचं जेवण तिथेच आटोपतं. "या घरात मराठी समजनारी एकच हाय," ते पाहुण्यांना सांगतात, "अन् तिले शेपूट हाय."

ती शेपूटवाली म्हणजे भुरी, गल्लीतलीच कुत्री. तिलाही मामांचा रागच वाट्याला आला, पण तिला तो मानवला. पोळीदूध समोर ठेवलं तरी ती खात नाही, मामांकडे बघत बसते. मग मामा ओरडतात, "खाय न व! का पाहून राहिली माह्या तोंडाकडं? मी का लोणचं होय?" एवढं ऐकलं की ती वाटी चाटूनपुसून साफ करते.

याच भुरीच्या गर्भाशयात पू झाला आणि ऑपरेशन करावं लागलं. पोटावर लांबलचक टाके. दहा दिवस तिने ते चाटता कामा नयेत, असं डॉक्टरांनी मला बजावलं. मला, कारण मामांना काही बजावायची हिंमत त्यांच्यात नव्हती. गळ्यात घालायचं प्लास्टिकचं नरसाळं दिलं, ते मामांनी दवाखान्यातच परत केलं. "माही भुरी का लगनातला भोंगा होय?" मी ऑफिसातून सुटून तेलीबांधा भागातल्या दुकानातून कुत्र्यांचा अंगभर सूट आणला. त्यावर हाडकांची चित्रं होती. "उपाशी जीवाले हाडकं दाखवता? लाज नाही वाटत?" हे मला, जणू छपाई मीच केली होती. शिवाय तो सूट घातल्यावर भुरी जागची हलेना, त्यामुळे मामांचंच खरं ठरलं. माझं डोकं असं तडकलं म्हणता!

शेवटी मामांनी पेटीतून आपला गार्डाचा पांढरा शर्ट काढला. बाह्या अर्ध्या कापल्या, पुढचे पाय त्यांत घातले, खालच्या टोकांना नाड्या लावून शेपटीपाशी गाठ मारली. दिसायला भुरी अगदी ड्यूटीवर निघालेली. फक्त शर्टाची बटणं माणसाला पुढे असतात, तीच भुरीच्या पोटावर आली, नेमकी टाक्यांवर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने तीन बटणं तोडली होती आणि दोन टाके उसवले होते.

डॉक्टरांनी पुन्हा टाके घातले आणि झाडलं मलाच. मामांच्या घरी येताच माझाही तोल सुटला. उभ्या आयुष्यात मामांवर कोणी आवाज चढवला नव्हता, तो मी चढवला. "तुमचा राग अन् तुमचा शर्ट, दोन्ही पेटीत ठेवा आता! तुमच्या हट्टापायी मरन न ती!"

मामांनी शर्ट उलटा करून बटणं पाठीवर घेतली, तुटलेली तीन नवी लावली. आणि त्यानंतर ते बोललेच नाहीत. दुधाची पिशवी कशीही कापा, हॉर्न कितीही वाजवा. मला वाटलं होतं, बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

भुरीने खाणं सोडलं. वाटी समोर, मामा समोर, आणि मामा गप्प. नात म्हणाली, "खा ले ना, भुरी।" मी चुचकारलं, हाताने भरवून पाहिलं. दोन दिवस गेले. खाल्लं नाही तर जखम भरणार नाही, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. मी हात जोडून म्हटलं, "मामा, चिडा न जरा." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

तेव्हा नात कमरेवर हात ठेवून उठली आणि हुबेहूब मामांच्या आवाजात ओरडली, "खाय न व! का पाहून राहिली माह्या तोंडाकडं? मी का अचार होय?"

भुरीने कान टवकारले आणि वाटीत तोंड घातलं.

"अचार नाही, लोणचं!" भिंतीकडून आवाज फुटला. "लोणचं म्हण, लोणचं!" मामांचे डोळे भरले होते आणि त्याचाही त्यांना राग आला होता.

टाके निघाले, भुरी बरी झाली. नात मामांना अजून हिंदीतच उत्तर देते, मराठी फक्त भुरीशी, तेही रागावताना. परवा मी तिला म्हटलं, दादाजींशीही बोलत जा की असंच. ती म्हणाली, "बुआ, मुझे मराठी में सिर्फ़ डाँटना आता है। दादाजी को कैसे डाँटूँ?"

मी हे मामांना सांगितलं. ते भुरीचा शर्ट मांडीवर घेऊन सैल झालेली बटणं पक्की करत होते, सुईत दोरा जात नव्हता. आता भडकणार म्हणून मी दाराकडे सरकले.

"तिले सांग," ते सुईकडे पाहत म्हणाले, "मले बी रागावत जाय म्हना. मी ऐकून घेईन."